दहा गोळ्यांचं पाकीट

आमच्या लहानपणी औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांसाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. कुणी किती औषध घेतलं, ते घरभर दिसे. काल औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. बाईंनी गोळ्यांचं रिकामं पाकीट दुकानदारापुढे सरकवलं.

"हीच दे. एक पाकीट."

"थांब गं. अरे, हिचं प्रेशर दोनशेवर गेलंय. डॉक्टर चक्रावलेत. म्हणाले, तीच गोळी तुम्हाला लागू पडते, मग हिला का नाही?"

"काका, ही गोळी तुम्ही दोघंही घेता?"

"चार वर्षं झाली. रोज सकाळी, शेजारी बसून, एकेक."

"पण मावशी दहा दिवसांनी एकच पाकीट नेतात. त्यात दहाच गोळ्या असतात."

नवरा तिच्याकडे वळला.

"मग तू काय गिळत होतीस?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"दोघांचं परवडत नव्हतं. आणि तुम्हाला एकदा झटका येऊन गेला होता."

"मावशी, हीच गोळी दुसऱ्या कंपनीचीही मिळते. या एका पाकिटाच्या पैशात तिची पाच येतात."

"कधीपासून ठेवतोस?" बाईंनी विचारलं.

"दुकान उघडल्यापासून. तुम्ही रिकामं पाकीट पुढे करून 'हीच दे' म्हणायचात. मला वाटलं, तुमचा हिच्यावरच विश्वास."

"विश्वास कसला बाबा. गोळीलाही जुळी बहीण असते, हे मला काय ठाऊक."

नवरा दुकानदाराला म्हणाला, "त्यातली दोन पाकिटं दे. एक इथेच फोड, आणि पाणी आण."

"अहो, घरी गेल्यावर घेते. लोक बघतायत."

"बघू देत. चार वर्षं मी बघितलं नाही."