काढून ठेव

ओझरच्या बसच्या रांगेत लताबाईंच्या मागे एक जोडपं हळू आवाजात भांडत होतं. हळू म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतकंच.

“रवी, पत्रिकांचं सॉफ्टवेअर उडवलंस? आज गांगुर्ड्यांची पत्रिका द्यायचीय!”

“तूच म्हणालीस, नवा कॉम्प्युटर येतोय, जुनी पॅकेजं काढून ठेव.”

“काढून ठेव! पेन ड्राइव्हवर! काढून टाक म्हटलं का मी?”

“काळ्या पडद्यावर एक कमांड मारली, सेटिंगसकट सगळं साफ.”

“वर कौतुक सांग! ‘पुढे जाऊ का’ म्हणून विचारलं असेल की त्यानं!”

“विचारलं. मी हो म्हटलं.”

“मला एक फोन करायचास!”

रांग पुढे सरकली. लताबाई सरकल्या नाहीत.

“केला होता. म्हणालीस, प्रत्येक गोष्ट मला विचारत जाऊ नकोस.”