साहेबाचा साचा

गोजरबाई : चिकटलं. हेही चिकटलं. मी म्हनलं होतं, भाकरी करते.

शेषराव : साचा नीट तापला नसन. बशीर खानसामा म्हने, दोन्हीकडून पालटून तापवा.

गोजरबाई : बशीरचा साहेब जबलपूरले गेला आन् साचा लिलावात तुमच्या गळ्यात पडला. बशीर त्या वाफलात, साहेबाच्या चौकटीच्या पोळीत, अंडं घाले, दूध घाले, लोनी घाले. आपल्या घरात अंडं येत नाही. आन् इहीनबाईनं काशीले दूध सोडलं, म्हनजे दही-तूपही गेलं. राह्यलं काय? साचा.

शेषराव : जवस राह्यला ना. कुटून भिजवला का अंड्यावानी चिकट होते. पाटा धुताना पाह्यलं मी.

गोजरबाई : तुमी पाटा कवा धुतला?

शेषराव : तू धुवत होती. मी पाहत होतो.

गोजरबाई : पाहा मंग. आपल्या विमलचा सातवा महिना सरून राह्यला. पहिलं बाळंतपन माहेरी असते. पन तिच्या सासूनं, याच इहीनबाईनं, लग्नात आपल्या बासुंदीले बोट लावलं नाही. तिचं पाहून समद्या बायकांनी वाट्या सरकवल्या. काल विमलले घेऊन आली, तर भातावर तूप पडलं आन् ताट परत. आजही उपाशी उठली, तर दुपारच्या गाडीनं विमलले घेऊन चालली अकोल्याले.

शेषराव : म्हनून तर नवीन काही. भाकर खाऊन कोनाचं मन वळत नाही.

गोजरबाई : भाकर साच्याले चिकटतही नाही. धरा हा. मी गुळाचं पानी पाह्यते.

(पुष्पाबाई स्वयंपाकघराच्या दारात येतात.)

पुष्पाबाई : काय चाललं जी सकाळपासून? घरात लोहार बसला का?

गोजरबाई : या, इहीनबाई. साहेबलोकांची न्याहारी हाय. कनिक, गूळ, जवस आन् तिळाचं तेल. दुधाचा थेंब नाही. तुमचा नेम मोडत नाही.

पुष्पाबाई : बरं. पन हा वास कशाचा?

गोजरबाई : अहो, साचा! आन् हे पुस्तक कुठून आलं हातात?

शेषराव : पालटेपर्यंत एक पान...

पुष्पाबाई : हाच वास. लग्नात बासुंदीच्या कढईवर कोन बसलं होतं?

गोजरबाई : हेच. आचारी जेवायले गेला तवा. काऊन?

पुष्पाबाई : पहिली वाटी मले वाढली. नाकाजवळ नेली तर बुडाले लागलेलं दूध. मी तोंड वाकडं केलं असतं, तर आमच्या बायकांनी वर्षभर तुमाले नावं ठेवली असती. म्हनून बोलून गेली, काशीले दूध सोडलं.

गोजरबाई : म्हनजे सोडलं नव्हतं?

पुष्पाबाई : काशी पाह्यलीच कुठं मी? पन समद्या पंगतीनं ऐकलं. मंग घरीही पाळनं आलं. तवापासून कोरा चहा पेऊन राह्यली.

गोजरबाई : व माय. आन् मी रागारागानं समदी बासुंदी नाल्यात ओतली. चाखलीही नाही.

शेषराव : मी चाखली होती.

गोजरबाई : मंग बोलले काऊन नाही?

शेषराव : कोनी विचारलं नाही.

पुष्पाबाई : आना इकडं ते वाफल. हो, हेच, काळं झालेलं. कडू हाय. पन कडा चांगल्या कुरकुरीत हायेत. दुसरं घाला.

गोजरबाई : आन् विमल?

पुष्पाबाई : विमल राहीन. ठेवाले तर आनली तिले; पन तुमी तोंडानं मागान म्हनून वाट पाह्यली, तवर तिचं सामान सोडलं नाही.

गोजरबाई : बसा, इहीनबाई. आनखी काय देऊ?

पुष्पाबाई : आधी दार लोटून घ्या. मंग मले दुधाचा चहा द्या. आन् दुधापाशी तुमीच बसा.