चार पोरं येतील, गातील, जातील

...आणि स्पीकर ठेवायला अख्ख्या मामेलोडी वस्तीत दुसरी जागा नव्हती, माझ्या पालकाच्या वाफ्यातच! तुम्हाला सांगते, हाताची नखं झिजवून वाढवलेला पालक, त्याच्या उरावर हे एवढं काळं धूड, आणि मी बोलायला तोंड उघडलं तर आमचे हे, माशेगो, डोक्यावरची हॅट तिरकी करत म्हणतात कसे, "अगं, कलेसाठी पालकानं एवढंही सोसू नये?" आता पालकाला विचारलं होतं का कुणी? मला तरी विचारलं होतं? छे! मला सांगितलं होतं. तेही दाढी करता करता, आरशातूनच. "येत्या रविवारी दुपारी आपल्या अंगणात चार पोरं येतील, गातील, जातील."

चार पोरं! बरं.

यांचं सगळं आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात गेलं आणि सगळे रविवार जॅझच्या तबकड्यांत. दोन रंगांचे बूट घासूनपुसून घालायचे, तसलेच बूटवाले चार म्हातारे जमवायचे आणि अंगणात माना डोलवत बसायचं. माझं काही म्हणणं नव्हतं, दारूच्या अड्ड्यावर बसण्यापेक्षा बरं. पण एक दिवस टॅक्सीच्या थांब्यावर यांना एक पोरगा दिसला, कचऱ्याच्या डब्यावर मूठ आपटत, ताल धरून भराभरा काहीतरी बोलणारा. घरी आले. जेवताना म्हणतात, "काय बोलत होता पोरगा! आणि ऐकायला कोण, तर टॅक्सीवाले. ते पण हॉर्न वाजवत. आपलं अंगण काय फक्त लग्नाला आणि मयताला आहे?" म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. "माशेगो, हिपहॉप? ते काय संगीत आहे? बायको भांडतेय असं वाटतं." हे म्हणाले, "मग मला सवय आहे."

ऐकलंत? मी तिथेच उभी होते, हातात चहाचा ट्रे घेऊन!

तर रविवार उजाडला. खुर्च्या कुठून आणायच्या? आमच्या अंत्यविधी मंडळाच्या, मयताच्या घरी लागतात त्याच. मांडव कुणाचा? मंडळाचाच. चुलीवर तीन पायांचं मोठं पातेलं चढलेलं, त्यात वजडी रटरटतेय... आता मला सांगा, रस्त्यावरून जाणाऱ्यानं काय समजावं? एकेक जण फाटकाशी येतोय, टोपी काढतोय, "कोण गेलं हो?" एक म्हातारबुवा तर थेट आत येऊन माझा हात धरून म्हणाले, "धीर सोडू नकोस, पोरी, माशेगो फार भला माणूस होता." आणि माशेगो मागे स्पीकरच्या तारा जोडत! यांना बघून म्हातारबुवा जे खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. दोनदा वजडी घेतली.

चार पोरं येतील म्हणे! अहो, चाळीस आली, आणि प्रत्येकाबरोबर त्याची आत्या, मावशी, आणि मावशीची शेजारीण.

पण खरं सांगू? गायली बाई पोरं! ओराटिले म्हणून एवढीशी पोरगी, माझ्या कमरेला लागेल, आणि सोल का काय म्हणतात ते गायला लागली तर आवाज असा खोल, असा जडशीळ, की पातेल्यावरचं झाकण थरथरलं. मग तिघांचं जॅझ. त्यात एक मुलगी, तिच्याहून उंच ते बासचं लाकडी धूड मिठीत धरून वाजवत होती, आणि आमच्या म्हाताऱ्यांचे बूट आपोआप हलायला लागले. नाकं मुरडणारे हेच बरं का! आणि मग तो टॅक्सीच्या थांब्यावरचा. फेटोले त्याचं नाव, पण स्टेजवर 'किंग काँक्रीट'. काँक्रीट कसलं, वाऱ्यानं उडेल असा! त्यानं माइक हातात घेतला, पहिला शब्द तोंडातून काढला आणि...

गेली वीज.

माइक बंद, ढोलबिल जे काय त्या यंत्रातून येत होतं ते बंद. पोरगा तोंड उघडं ठेवून उभा. आमचे हे घामाघूम, कारण पहिल्याच रांगेत जोहान्सबर्गहून आलेली लिंडेलवा बसली होती. मोठा महोत्सव भरवतात तिथे ही नवीन पोरं निवडते. यांनी कुणाकुणाच्या ओळखी काढून तिला बोलावलेलं. अंगणात नुसती कुजबुज. तेवढ्यात त्या बासवालीनं काहीएक न विचारता तार छेडली. दुम्, दुम्, दुम्. म्हाताऱ्यांचे ते दोन रंगांचे बूट जमिनीवर आपटायला लागले, आणि किंग काँक्रीट सुटला! असा सुटला, असा सुटला... आमच्या रस्त्यावरचे खड्डे, बापाची गेलेली नोकरी, आजीचं पेन्शन, सगळं यमकात. "हे संगीत नाही" म्हणणारा म्हातारा खुर्चीवर उभा राहून शिट्या मारत होता. अंत्यविधी मंडळाची खुर्ची, एक पाय आधीच लंगडा!

आणि मग उठली सेलाएलो.

थांबा, आधी तिची आई सांगते. मा-फाशा, माझी शेजारीण, मधे एक भिंत. मी आणि ती, चर्चच्या बायकांच्या एकाच गायनमंडळात. कित्येक वर्षांपूर्वी एका मयतीला तिनं भजन असं वरच्या पट्टीत धरलं की मी आपलं सहज म्हटलं, "खाली घे बाई, माणूस वर चाललाय, आपण नाही!" लोक हसले. मयतीला. झालं! त्या दिवसापासून अबोला. म्हणजे बोलायचं, पण एकमेकींशी नाही. मी आमच्या कुत्र्याशी बोलते, ती तिच्या कोंबडीशी. "जनरल," मी कुत्र्याला म्हणते, "काही लोकांना कचरा दुसऱ्याच्या दारात लोटायची सवय असते." पलीकडून येतं, "ऐकलंस का गं कोंबडे, काही लोकांचं नाक झाडूपेक्षा लांब असतं!" त्या मुक्या जनावरांना वर्षानुवर्षं काय काय ऐकावं लागलंय!

तर तिची ही मुलगी. सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते, आई म्हणते नर्स हो, ही कधी हूं नाही की चूं नाही. ती माझ्या अंगणात कविता म्हणायला उभी! आईला पत्ता नाही. आमच्या यांना आहे, यांनीच बोलावलेली. मला? मला कोण सांगतंय!

माइक नाही, त्यामुळे आवाज हळू. सगळे पुढे वाकले. आणि ती काय म्हणाली असेल?

"माझी आई कोंबडीशी बोलते,
शेजारीण कुत्र्याशी.
कोंबडीला सगळं कळतं,
कुत्र्यालाही सगळं कळतं..."

अहो, अंगण फुटलं हसून! सगळ्यांच्या माना माझ्याकडे! माझ्याच अंगणात, माझी वजडी खाऊन, माझीच बेअब्रू! मी पळी घेऊन निघालेच होते, खरंच निघाले होते, पण पोरीनं हसणं थांबायची वाट पाहिली आणि आवाज आणखी खाली आणला.

"माझे बाबा गेले त्या सकाळी
भिंतीवर एक पातेलं होतं, गरम पेजेचं.
कुणी ठेवलं, कुणी विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी पातेलं परत गेलं,
घासलेलं, मूठभर चवळी घालून.
भिंतीवरून भांडं आलं, भांडं गेलं.
शब्द तेवढा कुणी ठेवला नाही."

...मला वाटलं होतं कुणी बघितलं नाही. अंधार होता हो पहाटेचा. मी आपलं ठेवलं आणि पळाले, दुखवट्याच्या घरात चूल कुठली पेटणार? एवढीशी होती ही, खिडकीत असेल उभी. मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं, मी वजडीकडे बघितलं. धूर फार होता चुलीचा. डोळ्यांत जातो.

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "जोरात बोल की गं! पाठ ताठ कर! एवढं वाढवलं ते काय पुटपुटायला?"

मा-फाशा! क्रेटवर क्रेट ठेवून चढलेली, भिंतीवरून नुसतं डोकं दिसतंय, डोक्याला रविवारचा रुमाल, आणि गालांवरून धारा. पोरगी दचकली, मग हसली, मग पाठ ताठ करून तिनं शेवटचं कडवं असं म्हटलं की रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यानं इंजिन बंद केलं. हॉर्न नाही, इंजिन! आमच्या गल्लीतली पोरगी हो! गल्ल्यावर बसून पावत्या फाडणारी! मी पळी आपटून आपटून टाळ्या वाजवल्या, पळीचा दांडा वाकला.

लिंडेलवानं तिथल्या तिथे सांगितलं, सेलाएलो आणि किंग काँक्रीट, दोघं जोहान्सबर्गला येणार, आणि ताल धरायला बासवाली. आमचे हे लहान पोरासारखे नाचले. नाचता नाचता पालकात गेले. उरलासुरला पालक तो गेला.

आणि म्हणे चार पोरं येतील, गातील, जातील!

पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून, "कोंबडे, सांग कुणाकुणाला, माझी मुलगी कुठेही जायची नाही. घरातलं भांडण आख्ख्या जोहान्सबर्गला ऐकवायचं?" आता गंमत बघा, मलाही अगदी तेच वाटत होतं. इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत! मी "बरोबर आहे" म्हणणार, एवढ्यात सेलाएलो दिसली. कामाचा गणवेश घालून फाटकातून निघाली होती, मान खाली. पुन्हा तीच, हूं नाही की चूं नाही. काल ताठ होती हो पाठ! मी जनरलला धरलं, भिंतीशी नेलं आणि मोठ्यानं म्हटलं, "जनरल, लोकांची लेकरं आईनं 'जोरात बोल' म्हटल्यावर बोलतात. मग आईनंच तोंड दाबलं तर लेकरानं कुणाकडं बघावं?"

पलीकडं झाडू चालला होता, तो थांबला.

मग आवाज आला, जरा बारीक. "कोंबडे... तिकडे गर्दी फार असते. पोरीबरोबर कुणी मोठं माणूस नको का?"

"जनरल," मी म्हटलं, "मी जाणारच आहे. पोरगी कवितेत माझ्याबद्दल जास्तीचं काही बोलली तर?"

"मग मी पण जाणार," कोंबडीला कळवण्यात आलं.

गेलो! टॅक्सीत मी या खिडकीशी, ती त्या खिडकीशी, मधे हे, आणि मागे ते बासचं धूड सगळ्यांच्या मानेवर. सभागृह केवढं, माणसं किती, एकाहून एक कपडे, मी तर निळा झगा काढला होता खास. किंग काँक्रीटनं दणकून सुरुवात केली. मग आमची सेलाएलो आली, आणि या वेळी पहिल्या शब्दापासून पाठ ताठ. माणसं हसली, मग हसता हसता गप्प झाली, आणि शेवटी सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आणि ही कार्टी बोट दाखवून म्हणते कशी, "त्या बघा दोघी, दुसऱ्या रांगेत!"

झोत आमच्यावर! मी आपली उठले, चारी दिशांना हात हलवला, बघा, मान चालून आला ना तर घ्यावा. तर माझा झगा मागून खस्सकन ओढला आणि आवाज आला, "बस खाली! मागच्यांना काही दिसत नाही. आधीच रुंद, त्यात निळं!"

तुम्हाला सांगते, मी बसले, आणि बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला बोलली! कुत्र्याला नाही, कोंबडीला नाही, मला! मी वळून म्हटलं, "तुझाच रुमाल आभाळाला लागलाय, तो काढ आधी." हे मधे बसलेले, यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले, जणू आवडती तबकडी लागलीय.

आता आमच्या अंगणात दर महिन्याला कार्यक्रम असतो. बोटस्वानाच्या सीमेवरून पोरं येतात. चार पोरं म्हणे! मा-फाशा वजडी करते, मी तिला सांगते मीठ जास्त झालं, ती सांगते जीभ जास्त झाली. संध्याकाळी भिंतीशी दोघी चहा पितो. कसं सुखाचं चाललं होतं! आणि परवा सेलाएलो येऊन समोर उभी, तोंड एवढंसं. "मावशी, तुम्ही दोघींनी माझी पंचाईत केलीत. डर्बनहून बोलावणं आलंय, नवीन कविता मागतायत, आणि तुम्ही बसता हसत. मी लिहू काय?"

काय करणार सांगा! पोरीच्या नावाचा प्रश्न, गल्लीच्या इभ्रतीचा प्रश्न. आता रोज चहा संपला की मा-फाशा विचारते, "आज कशावरून?" आणि मी उठते, बाह्या सारते, आणि वाईट वाटत असलं तरी तासभर भांडून येते.