दुसरी घंटा

—नाही, नाही, उठू नका लॉर्ना, पडून राहा तशाच. पलंग नवाकोरा आहे, अजून एकही आजारी माणूस त्यावर झोपलेला नाही. उद्या सकाळी सव्वानऊला झोपेल. खोली चारशे आठ, मिसेस ट्रेव्हॅरो, मांडीचं हाड मोडलेलं, जुन्या इमारतीतून निघणारी सोळावी गाडी. बघा, पाठ आहे मला. ब्याण्णव पेशंट, दर पाच मिनिटांनी एक, पाच जिल्ह्यांतून मागवलेल्या चौदा अ‍ॅम्ब्युलन्स, रस्त्यावर पोलीस, चर्चच्या बायकांनी भाजलेल्या, सारण भरलेल्या चारशे पेस्ट्या— मटणाच्या आणि बटाट्याच्या वेगवेगळ्या, कारण तेही मीच विचारलं होतं. अख्खं हॉस्पिटल एका दिवसात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर. आणि ते सगळं अडलंय कुठं, तर तुमच्या मांडीवर पडलेल्या त्या एका कागदावर. चाळीस मिनिटं आहेत मीटिंगला. आठ विभागांच्या सह्या झाल्या, तुमचा चौथा मजला तेवढा कोरा. तुम्ही माझ्याकडे अशा बघताय जशी मी चिखलाच्या बुटांनी तुमच्या स्वयंपाकघरात शिरलेय.

बरं, नका बोलू. मी बोलते. तेवढं मला येतं, तुमच्या वॉर्डात सगळ्या म्हणतातच ना तसं— आलं आहे कानावर.

नियम माझाच आहे, मान्य. चार वाजता सगळ्यांनी बसायचं, एकेकाचं नाव घ्यायचं, ज्यानं-त्यानं एकच शब्द बोलायचा, ‘निघू’ किंवा ‘थांबू’. आणि एकानं जरी ‘थांबू’ म्हटलं तरी सगळं थांबणार, मग तो मोठा सर्जन असो की कपडे धुणारी बाई. ते मी लिहिलं. प्रकल्पप्रमुख म्हणून पहिल्याच आठवड्यात लिहिलं. कारण काम सुरू होण्याआधीच ठरवून ठेवायचं असतं की थांबवायचा अधिकार कुणाचा. ऐन वेळी ठरवायला गेलं की जो जास्त मोठ्यानं ओरडतो त्याचाच होतो तो. छान नियम आहे. फक्त कुणी तो खरंच वापरेल असं मला वाटलं नव्हतं.

थांबू म्हणजे कधीपर्यंत, याचा विचार केलाय का? आज आठ तारीख. पंधराला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, लिफ्टवाला, पोलिसांतले निम्मे, तुमचा नवरा, सगळे नारिंगी जाकिटं घालून रानात. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी. मग तळ्यावरून बर्फ यायला लागलं की या टेकडीवर पेशंट घेऊन गाडी चढवायची कुणाची छाती आहे? एप्रिल. लॉर्ना, एप्रिल उजाडेल. पाच महिने दोन इमारतींना ऊब द्यायची, आणि स्वयंपाकघर, लॅब सगळं इकडं आलेलं.

आणि ही तारीख ठरवली कुणी? मी? मी रुजू व्हायच्या चार महिने आधी आपल्या डायरेक्टरनं, गॉर्डननं, हमरस्त्यावर फलक लावला होता— नऊ नोव्हेंबर, आपलं नवं हॉस्पिटल! योजना नाही, माणसं नाहीत, जमिनीत एक खड्डा, पण फलक आहे. चौसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षांचा अनुभव असं दिवसातून दोनदा सांगणारा, त्याला एवढं कळू नये की आधी काम मोजायचं, मग तारीख बोलायची? मी आल्यावर योजनेत बारा दिवस मोकळे ठेवले. काहीतरी बिघडणारच, बिघडतंच, तेव्हा लागतात म्हणून. त्यानं लाल पेन घेतलं आणि खोडले. ‘हे काय, आळशांसाठी सुट्टी?’ झालं. मग भिंतीवाल्यांचा उशीर रंगाऱ्यांनी सोसला, रंगाऱ्यांचा वायरमननी सोसला, आणि सगळ्यात शेवटी होता नर्सला बोलवायच्या घंटा बसवणारा, त्याच्या वाट्याला तीन आठवड्यांऐवजी आले सहा दिवस. उशीर कुठं नाहीसा होत नाही, तो रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे मला कळतं. तुम्हा मोठ्या लोकांना सांगायला गेलं की म्हणता, पोरी, दमानं घे.

तुम्ही नाही म्हटलं कधी. खरं आहे. तुम्ही काहीच म्हणत नाही, तेच तर.

घंटा वाजतात, लॉर्ना! सव्वीस खोल्या, सव्वीस बटणं, एकेक दाबून बघितलंय, प्रत्येकाचा दिवा तिकडं नर्सच्या टेबलावर लागतो. तपासणीच्या कागदावर सव्वीस खुणा आहेत. मग काल तुम्ही काय केलंत? ड्यूटी संपल्यावर तुमच्या हाताखालच्या तीन नर्स पोरी घेऊन आलात, तीन खोल्यांत तिघींना झोपवलंत आणि म्हणालात, दाबा गं एकदम. असं कोण तपासतं?

हो. पेशंट. पेशंट दाबतात एकदम. माहीत आहे मला. कुणी रांग लावून घाबरत नाही.

पण बघा ना, अडचण केवढी आहे? पहिली घंटा दिसते. दुसरी थांबून राहते. पहिल्या खोलीत जाऊन कुणी बटण बंद केलं की मग दुसरी दिसते. एवढंच. त्यावर उपाय आहे माझ्याकडे, आणलाय लिहून. दर पंधरा मिनिटांनी एका नर्सनं सव्वीसही खोल्यांतून फिरून यायचं, दारातून नुसतं डोकावायचं, आणि शिवाय प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक हातातली घंटा, ती टेबलावरची असते ना, टिंग करून. मागवते मी संध्याकाळपर्यंत. रात्री किती जणी असता तुम्ही? तिघी— दोघी. दोघी. हं. म्हणजे एक फिरत राहणार आणि दुसरी… आणि ती दुसरी कुणाच्या तरी खोलीत असली तर…

दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे हो! कंपनी म्हणते, भाग यायला अकरा दिवस, आला की एका दिवसात बसवून देतो. तेवढ्यासाठी अख्खं गाव थांबवायचं?

असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला वाटतं मला कळत नाही? मी लाल ओळ दाखवणारी होते. विसरलात का ऑगस्ट? मी तक्ता करते ना दर सोमवारी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे थांबा आणि मदत करा. ऑगस्टमध्ये मी ऑक्सिजनच्या पाइपांची ओळ लाल केली. लालच होती ती. चौदा माणसांसमोर गॉर्डननं चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, ‘ब्रिटा, पोरी, अडचणी तर मला माझी बायकोही सांगते, फुकटात. तुला पगार उत्तरांचा आहे.’ सगळे हसले. खो खो हसले. तुम्ही होतात त्या खोलीत, खिडकीपाशी. तुम्ही हसला नाहीत. पण बोललाही नाहीत, लॉर्ना! एकतीस वर्षं काढलीत तुम्ही इथं, तुमचा शब्द त्याला गिळावा लागला असता. एक शब्द बोलायचा होतात. ‘तिचं ऐकून तर घे,’ एवढंच. तुम्ही वहीत काहीतरी लिहीत बसलात.

असो. त्या दिवसानंतर माझ्या तक्त्यात एकही लाल ओळ आली नाही. तुम्ही पाहिलंत का? कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. दीड तासाच्या मीटिंगा वीस मिनिटांत संपायला लागल्या, लोक वेळेवर जेवायला जाऊ लागले, गॉर्डन बोर्डासमोर म्हणाला, बघा, पोरगी कशी तयार झाली. आणि मला— मला बरं वाटलं. घरी जाऊन आईला फोन केला मी. आता हे कशाला सांगतेय तुम्हाला.

तर मुद्दा असा की अडचण सांगणाऱ्याला एकदा झापलं की अडचणी संपत नाहीत, फक्त सांगणारे संपतात. पुस्तकातलं नाही, अनुभवाचं आहे. वाईट बातमी आणणाऱ्याला खुर्ची द्यायची, कॉफी द्यायची, म्हणायचं, बस, नीट सांग. मी ठरवलंच होतं की माझ्या हाताखाली कुणी आलं तर मी तसंच करणार. थियोलासुद्धा मी बसायला खुर्ची दिली होती, तो पहिल्यांदा आला तेव्हा—

थियो म्हणजे घंटा बसवणारा. दाढीवाला, पन्नाशीचा, मान वाकडी करून बोलतो तो. भेटलात तुम्ही त्याला.

आला होता असंच. काम कुठवर आलं सांगायला.

काल. नाही— काल तुम्ही तपासलंत. त्याच्या आधी. आधीच्या आठवड्यात. लॉर्ना, काय फरक पडतो कधी ते?

एकतीसला. हॅलोविनला. त्याच्या नातीनं त्याच्या टोपीला कागदाचा भोपळा चिकटवला होता, तो घेऊनच आला होता. माझ्यासमोर सतरा गोष्टी, गॉर्डनचे तीन फोन येऊन गेलेले, संध्याकाळी तक्ता पाठवायचा. तो म्हणाला, ‘एक बारीकसं आहे, दोन एकदम आल्या की एक—’ आणि मी म्हटलं, ‘थियो, मला फक्त सांग, प्रत्येक घंटा वाजते की नाही? हो की नाही?’ तो म्हणाला, वाजते तशी, पण— मी म्हटलं, ‘हो की नाही?’ तो म्हणाला, हो. आणि मी त्याच्यासमोरच ओळ हिरवी केली. तो बघत होता. टोपी डोक्यावर चढवली आणि गेला.

मी खोटं नाही लिहिलं. एकही अक्षर खोटं नाही त्यात. प्रत्येक घंटा वाजते. मला प्रश्न असा विचारता येतो की उत्तर हिरवंच यावं. गॉर्डनला नाही येत ते, तो नुसता ओरडतो. मी शिकलेली आहे.

काय मोजताय बोटांवर? नका मोजू. मी मोजलंय. काल तुम्ही गेल्यापासून दुसरं काही केलेलंच नाही मी. एकतीसला मी त्याला बोलू दिलं असतं तर त्याच दिवशी भाग मागवला असता. अकरा दिवस. अकरा तारखेला आला असता, सोमवारी. मंगळवारी बसवला असता, तुमच्या पोरींनी सव्वीस खोल्यांत झोपून एकदम दाबून बघितलं असतं. आणि बुधवारी, तेराला, आपण निघालो असतो. चार दिवस उशिरा. हंगामाच्या दोन दिवस आधी, सगळे ड्रायव्हर गावात असताना. गॉर्डन ओरडला असता, फलकावर एक चिकटपट्टी लावली असती, संपलं असतं. चार दिवस, लॉर्ना. मी चार दिवस वाचवले आणि पाच महिने… नाहीतर रात्रीच्या तुमच्या दोघी नर्स आणि सव्वीस माणसं. यातलं काहीतरी एक.

बोला ना काहीतरी. शिव्या द्या. मला त्या सोप्या जातील.

नाही, पेन देणार नाही मी. थांबा. तुम्ही त्या ओळीवर काय लिहिणार ते मला दिसतंय. आणि खाली काय होणार तेही दिसतंय. गॉर्डन कागद हातात घेईल, तुमच्याकडे बघून हसेल आणि म्हणेल, लॉर्नाची निवृत्ती जवळ आलीय, नव्या गोष्टींची भीती वाटते या वयात, समजू शकतो आपण. आणि बाकीचे माना हलवतील. मग तो माझ्याकडे वळून विचारेल, ब्रिटा, तुझ्या तक्त्यात काय आहे? आणि तक्त्यात हिरवं आहे.

मला कसं माहीत तो असंच म्हणेल? कारण हे त्याला मी दिलंय. वाक्य माझं आहे. काल संध्याकाळी, लिफ्टमध्ये. ‘म्हातारीला नव्या इमारतीची धडकी भरलीय.’ हसलो आम्ही दोघं. तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत.

हो. तुमच्याबद्दल.

कागद द्या इकडं. तुमची ओळ राहू दे कोरी, ती तुमची आहे, खाली जाऊन सगळ्यांसमोर भरा. ही शेवटची, ही बघा. प्रकल्पप्रमुख. त्याच्यापुढं ‘निघू’ छापलेलंच आहे. सगळ्यांच्या ओळी मोकळ्या ठेवल्या आणि माझी छापून घेतली. मला कोण विचारणार होतं? फॉर्म करताना हे डोक्यातच आलं नाही— की आलं होतं, कुणास ठाऊक. आता माझी सांगायची पद्धत बघा हं, शेवटचा सल्ला, फुकट. काम चालवणाऱ्या माणसाचं नाव यादीत सगळ्यात वर पाहिजे, आणि त्यापुढची जागा सगळ्यात मोकळी. खाली असलं की तो इतरांच्या सह्यांआड लपतो.

रेघ मारली. नीट दिसतेय ना? आणि वर ‘थांबू’ लिहिलं. त्याच्याखाली तारीख लिहिते. आजची नाही. एकतीस ऑक्टोबर. आणि थियोचं नाव, पूर्ण.

आता जा तुम्ही. नाही, बरोबर नाही जायचं, बरोबर गेलं तर त्याला वाटेल तुम्ही मला फितवलंत. पुढं व्हा. माझी पाच मिनिटं आहेत अजून. नाही पळून जात मी, या मजल्याला दोनच जिने आहेत आणि दोन्हीकडे तुमच्याच पोरी उभ्या आहेत, मघाशी पाहिल्यात. अहो, हात कसला धरताय. जा ना. जा म्हणते ना!