बॅटरी उतरली ती बाई चोर

तुमच्या मोबाईलची बॅटरी उतरली म्हणून चार बायांसमोर कुणी तुम्हाला चोर म्हटलंय का कधी? मला म्हटलंय, आणि रोज म्हटलंय.

मी मूळची अंबाडीकडची, लगीन होऊन राहनाळला आले, आमचे मालक नारपोलीत कापडाच्या लूमवर होते, छातीत धूळ बसली तसे घरीच, मग मी गोडाऊनला लागले, पॅकिंगला. आता तिथली रीत काय सांगू तुम्हाला. हजेरी मोबाईलवर लागते म्हणून मोबाईल आणायचाच, पण ड्युटीत हात लावायचा न्हाय. सुपरवायझर सकाळी गेटवर प्रत्येकीची बॅटरी बघून लिहून घेणार, सुटताना परत बघणार. जिची जास्त उतरली ती लपून बोलत होती, कामचोर. तिला गेटवर उभी करायची, सगळ्या बाया जाईपर्यंत.

माझी जागा पार आत, पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी रॅकच्या मागं. तिथं रेंजची एक काडी येते नि जाते. मोबाईल नुसता खिशात पडून तापायचा, मांडीला चटका बसायचा. दारापाशी बसणारी सुनंदा, तिचा अगदी तसाच मोबाईल, तिची बॅटरी हाय तशी. सुपरवायझर म्हणायचा, क्या मौसी, यार कितने हैं? बाया हसायच्या, सुनंदापण हसायची. न हसून काय करंल, उद्या तिचा नंबर.

नारपोलीच्या मोबाईलवाल्याला दाखवला, तो म्हणाला, चाची, बॅटरी अच्छी है, टॉवर नहीं मिलता तो फोन दिनभर ढूंढता रहता है, उसी में दम निकलता है.

मी हेच सगळ्यांसमोर सुपरवायझरला सांगितलं, म्हटलं साहेब, तुमचा मोबाईल ठेवा माझ्या रॅकवर, हात लावू नका. ठेवला त्यानं, हसत हसत. सकाळची भरलेली बॅटरी संध्याकाळी वीसवर, मोबाईल तव्यासारखा गरम. कुणी हसलं न्हाय. मला वाटलं जिंकले. येडी मी. दुसऱ्या दिवशी वॉचमननं गेटवर अडवलं, मावशी, हजेरीतून तुमचं नाव काढून टाकलंय, साहेबाचा मोबाईल बिघडवलात तुम्ही.

आता माझ्या जागेवर सुनंदाला बसवलीय. परवा तिला उभी केली, मी रस्त्यावरून बघितलं. जवळ गेले तर तिनं मान फिरवली, माझ्याशी बोलताना दिसली तर तिचंही काम जाईल. तुम्हाला तिथं कुणी वळखत न्हाय. तुम्ही जा, मला काम गेल्यावर कळलं ते सुनंदाला सांगा, हजेरी लागली की आत जायच्या आधी फ्लाइट मोड लाव बाई, मग मोबाईल टॉवर शोधत बसत न्हाय. माझं नाव मात्र घेऊ नका.