पाव्हण्यांच्या म्होरं गाडी

आणि इंजन बदला म्हणं! कितींदा बदलायचं वो इंजन? तुम्हाला सांगतो, वडगावात मागाच्या खटखटीत जलम गेला माझा, साड्या विणतोय, पण नाद कसला, तर मोटारींच्या शर्यतीचा… निपाणीच्या माळावर मातीत गाड्या पळत्यात न्हवं, त्यात आमची एक लाल गाडी, आणि तीन वर्सं झाली, शेवटनं पयला नंबर! शेवटी आमची मंगल म्हणाली, यंदा बी शेवटी आलासा तर गाडी दारात ठेवायची न्हाय. बायकू हाय, ती बोलली की बोलली. मग काय, जो भेटंल त्येला इचारत सुटलो, टीम वर आणायला काय लागतं?

सल्ल्याला तोटा हाय व्हय आमच्याकडं? माग दुरुस्त करणारा आण्णाप्पा, त्येनं बानेट उघडलं, कान लावला आणि मागाला घालतो तेच तेल गाडीला घातलं. आमच्या मालुआत्तीनं बंपरला लिंबू बांधलं, पुढं एक, मागं दोन. बेंगळूरचा एक सायेब लॅपटॉप घिऊन आलता, गॉगल कपाळावर… "सर, टायर सरी इदे, डेटा कम्मी इदे." म्हंजे टायर बरं हाय, डेटा कमी हाय म्हणं. आता डेटा भरायचा कुठं, टाकीत का चाकात, ते काय त्येनं सांगितलं न्हाय. मिसळ खाल्ली आणि गेला.

खरं दुखणं घावलं ते गेल्या सालच्या शर्यतीत. गाडीवर माझा भाचा, सिद्धेश. बेणं असं सुटलं, चौथा, तिसरा, दुसरा… मी टोपी उडवली. आणि मधीच गाडी बैलगाडीगत चालाय लागली की हो! समोरच्या गाडीला बाजू लावली, काच खाली केली आणि बोलत बसला. तवर सगळ्या गाड्या पुढं. उतरल्यावर इचारलं, काय रं झालं? तर मान खाली घालून म्हणतो, "मामा, म्होरं नंदगडच्या आत्तीचं मालक हुतं. त्येंच्या म्होरं कसं जायचं? बरं हाय का एवढं तरी इचाराय नको?"

आता बोला! आणि दोष कुणाला द्यायचा? खासबागपासनं खानापूरपर्यंत गाडी पळवणारा एक तरी असा दावा, जो कुणाचा साडू न्हाय का व्याही न्हाय. म्हणजे टीम वर आणायला काय लागतं? ह्या मुलखात एक बी पाव्हणा नसलेला डायवर!

आणला. बिदरचा नागेंद्र. महिनाभर मागाच्या खोलीत ठेवला, कुणाच्या चहाला सोडला न्हाय. शेजारच्या दुर्गाबाईनं एकदा कप दिला, आणि तिसऱ्या घोटाला सुरू, तुमची आई कुठली म्हणायची? मी कपच काढून घेतला त्येच्या हातातनं. वाईट वाटलं, पण काय करता?

शर्यतीत, तुम्हाला सांगतो, नागेंद्रनं कुणाचं तोंड बघितलं न्हाय. साडू मागं, सासरं मागं, आत्तीचं मालक तर धुरळ्यात दिसंनात. शेवटचा फेरा, पुढं एकच गाडी, हिंडलग्याची. माझं डोळं भरून आलं, खरं सांगतो. आणि त्या भोंगेवाल्याला आत्ता सुचतंय… हिंडलग्याचा डायवर आजारी हाय म्हणं, त्येच्या जागी मालकाचा पोरगा सौरव बसलाय म्हणं. सौरव! आमच्या पोरीचा, रचनाचा ठरलेला नवरा, आठ दिसांमागं सुपारी फुटलेली! मंगल कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, जावयाला धूळ चारताय व्हय?"

आता मंगलकडं बघू का गाडीकडं? हातात लाल टावेल हुता. टावेल हलला की गाडी थांबवायची, हे नागेंद्रला मीच शिकवलेलं. हलवला… मीच हलवला! त्यो गुणी पोरगा, जागच्या जागी थांबला. साडू गेलं, सासरं गेलं, आत्तीचं मालक तर हात करून गेलं. आम्ही शेवटी.

मंगल शब्दाला पक्की. गाडी दारातनं गेली, ती थेट रचनाच्या रुखवतावर! लाडू-चकल्यांच्या बाजूला उभी, बानेटवर हळदकुंकू. नागेंद्र बी तिच्यासंगट हिंडलग्याला गेला, तिथं चहा प्यायला सोडत्यात म्हणून. आणि परवाच्या शर्यतीत गाडी तीच, टायर तेच, डायवर त्योच, आण्णाप्पाचं तेल बी तेच… पयला नंबर आला की हो त्येंचा! मग टीम वर आणायला काय लागतं? काय सुदीक न्हाय… मला तेवढं घरात बसवायचं.