आमचं तळं पांढरं का दिसतं?

...आणि वर मलाच म्हणतात, "चालतंय ना? मग हात लावू नकोस!" आता तुम्हीच सांगा, चालतंय म्हणजे काय? आमच्या घरातला पंखासुद्धा चालतो. खाली बसलेल्याला वारा लागत नाही, नुसती कुरकुर ऐकू येते, पण बाबांच्या मते तो चालतो. मी एकदा स्टुलावर चढले, हातात स्क्रूड्रायव्हर, तर खालून आरोळी, "उतर आधी! चालतोय ना? मग हात लावू नकोस!" मला वाटतं हे वाक्य माणसाला निवृत्तीच्या दिवशी नारळासारखं हातात देत असावेत. नाही, पण आमचे काका तर अजून निवृत्तही झालेले नाहीत!

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत हो. शहराच्या कार्यालयात नकाशा विभाग आहे ना, तिथले सगळ्यात जुने. सगळे त्यांना काकाच म्हणतात, शहर समितीचे अध्यक्षसुद्धा. आणि मी सगळ्यात नवी. कॉलेजातून थेट आलेली, अजून कायम न झालेली, आणि काकांच्या शब्दांत, "जरा बोटं आवरायला शिक म्हणजे होशील."

तुम्हाला सांगते, आमचं काम मोठं गमतीचं आहे. वर उपग्रह फिरतो. तो आपल्या शहराचे दोन फोटो काढतो. एक काळा-पांढरा, पण काय तीक्ष्ण! गच्चीवरची टाकी ओळखू येते. दुसरा रंगीत, पण पुसट, जसा चष्मा घरी विसरून लग्नाला गेल्यावर मांडव दिसतो तसा. आता समितीला काय हवं? तीक्ष्णही हवं आणि रंगीतही हवं. मग एक सॉफ्टवेअर त्या दोघांची मोट बांधतं. ह्याला म्हणतात पॅनशार्पनिंग. नाव ऐकून पेन्सिलीला टोक काढतात असं वाटतं... माझ्या आईला अजून तसंच वाटतं. "एवढं शिकून टोकंच काढतेस ना?" असो.

तर हे सॉफ्टवेअर उघडलं की समोर चौकटी येतात. कोणती पद्धत वापरायची? मधले ठिपके कसे भरायचे? आणि सगळ्यात खाली, वजनं. लाल किती, हिरवा किती, निळा किती आणि चौथा इन्फ्रारेड किती. इन्फ्रारेड म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड, उपग्रहाला मात्र दिसतो. ह्या वजनांनी सॉफ्टवेअरला सांगायचं, की बाबा रे, त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत कोणाचा वाटा किती आहे. आमच्याकडे ही वजनं काकांनी फार पूर्वी भरून, जतन करून ठेवलीत. रोज सकाळी यायचं, काकांची सेटिंग निवडायची, बटण दाबायचं, चहा प्यायचा. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, इन्फ्रारेडचं वजन एवढं जास्त का?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. अहो, काका कप खाली ठेवतात म्हणजे गंभीर असतं! म्हणाले, "चित्र येतंय ना?"

"येतंय."

"चालतंय ना?"

"चालतंय, पण का..."

"मग हात लावू नकोस!"

पण मला 'का' सुटत नाही हो. लहानपणी मी घड्याळ उघडलं होतं, रेडिओ उघडला होता, धाकट्या भावाचा कान उघडतो का पाहिलं होतं. आता समोर चार वजनं, एक सरकपट्टी, आणि म्हणे हात लावू नकोस! कसं जमायचं?

तरी मी गप्प बसले असते. खरंच. पण मग समितीचा ठराव आला. आमच्या घरामागे जी "मोकळी, कोरडी जागा" आहे, तिथे गाड्यांसाठी पार्किंग करायचं. मी वाचलं आणि म्हटलं, कोरडी? अहो, तिथे तळं आहे! जुन्या कारखान्याच्या भिंतीआड आहे, रस्त्यावरून दिसत नाही, पण आहे! काठोकाठ! आमच्या घरात जे डास येतात ते काय पार्किंगमधून येतात?

आणि त्या तळ्यावर रोज सकाळी माझे बाबा बसतात. निवृत्त झाल्यापासून. गळ टाकून. मासा लागलेला मी आजतागायत पाहिलेला नाही, पण बाबा जातात न चुकता, डब्यात चपातीचे तुकडे घेऊन. आई म्हणते, "माशांना जेवायला घालायला जातात, पकडायला कसले!" पण तिथे ते गप्प बसतात हो. आणि दुपारी घरी येतात तेव्हा माणसासारखे बोलतात. नाहीतर निवृत्तीनंतरचे ते पहिले दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. कुकरची शिट्टी मोजायचे! आईने डाळीत पाणी किती घातलं ते पाहायला उभे राहायचे! मला रिक्षा कुठल्या बाजूने पकडायची ते शिकवायचे! तळं सापडलं म्हणून आमचं घर टिकलं.

ठरावाचं मी घरी सांगितलं, तर मला वाटलं आता ओरडतील, पत्र लिहितील, मोर्चा काढतील. काही नाही. गळाची दोरी गुंडाळत एवढंच म्हणाले, "मग मासे कुठे जायचे गं?"

आता सांगा, ह्यावर काय बोलायचं? मी ज्यांच्याशी रोज भांडते, त्यांनी असं हळू आवाजात विचारायचं असतं का? हे काही नियमात बसत नाही!

मी ऑफिसात गेले आणि समितीला दिलेलं चित्र उघडलं. तळ्याची जागा शोधली. पांढरी! फिकट, खडखडीत, सिमेंट ओतल्यासारखी. आणि काठावरची झाडं? काळी! कोळसा! आणि गंमत अशी, की त्या पुसट रंगीत फोटोत तळं गडद होतं आणि झाडं हिरवीगार होती. म्हणजे आकाशातून बरोबर आलं आणि आमच्या ऑफिसात येऊन बिघडलं. का? अहो, का?

मी काकांना म्हटलं, "काका, तळं पांढरं दिसतंय."

"आटलं असेल."

"भरलेलं आहे. काल माझे बाबा तिथे गळ टाकून बसले होते!"

"मासा लागला?"

"...नाही."

"मग!" असं म्हणून काकांनी हात असे पसरले, जशी काही केस जिंकली. आता माझ्या बाबांना मासा लागत नाही हा पाणी नसल्याचा पुरावा कसा होईल? तसं पाहिलं तर समुद्राचंही पार्किंग करावं लागेल!

मग काका जेवायला गेले. काकांचं जेवण म्हणजे जेवण, मग बडीशेप, मग बाकावर डोळे मिटून "विचार". मी म्हटलं, आत्ताच. त्यांच्या सेटिंगची एक प्रत काढली. मूळ सेटिंगला हात लावला नाही हं, मी आगाऊ आहे, अविचारी नाही! आणि सुरू केलं. आधी पद्धत बदलून पाहिली, तर सगळी छपरं जांभळी. दुसरी पद्धत, तर प्रत्येक घराला शेजारी एक भूत, तसंच्या तसं. हसू येत होतं आणि थांबवतही नव्हतं. तुम्हाला सांगते, वाटलं अख्खं शहर माझ्या बोटाखाली आहे आणि मी त्याला कपडे बदलून पाहतेय! मग खालची वजनं. आणि तेवढ्यात सुचलं, की अरे, हा काळा-पांढरा फोटो काढणारा कॅमेरा, त्याला इन्फ्रारेड दिसतो तरी का?

उपग्रहाची माहिती उघडली. आणि काय! जुन्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दिसायचा. काकांनी वजनं भरली ती त्याच्यासाठी, आणि अगदी चोख भरली होती. पण तो उपग्रह कधीच बंद पडला. नवा आला, त्याच्या काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसतच नाही! उपग्रह बदलला, सेटिंग तीच. म्हणजे परीक्षेला न बसलेल्या मुलाचे मार्क वर्गाच्या सरासरीत धरायचे आणि मग बाकीच्यांना नापास करायचं! पानं इन्फ्रारेडमध्ये झगझगतात, म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं, फार उजेड झाला, कापा झाडांना, की झाडं काळी. पाणी इन्फ्रारेड पिऊन टाकतं, म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं, अरेरे, बिचारं अंधारात आहे, द्या उजेड, की तळं पांढरं!

मी इन्फ्रारेडची पट्टी डावीकडे सरकवली. हळूहळू. आणि काय सांगू तुम्हाला... ते पांढरं राखी झालं, राखीचं हिरवट, हिरवटाचं गडद निळं, आणि समोर तळं! काठ, वळण, कारखान्याची भिंत, भिंतीची सावली पाण्यावर! शून्य वजनावर पट्टी टेकली आणि झाडांना पालवी फुटल्यासारखी झाली. मी खुर्चीतच उडाले. मग मोठं करून, अजून मोठं करून पाहिलं, बाबा दिसतात का. नाही दिसले. तेवढा तीक्ष्ण नाही तो उपग्रह, आणि बरंच आहे, नाहीतर बाबांनी त्यालाही सांगितलं असतं कुठून वळायचं ते.

"काय चाललंय?"

मागे काका! "विचार" लवकर संपला होता.

मी बोलत सुटले. उपग्रह, कॅमेरा, पानं, पाणी, परीक्षेतला मुलगा, सगळं एका दमात. काकांनी वाकून चित्र पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आता येतंय ते वाक्य. पण ते एवढंच म्हणाले, "ती वजनं मी स्वतः काढली होती. सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा ही सोयच नव्हती. हाताने, एकेक तुकडा जुळवून."

"काका, ती बरोबरच होती. त्या उपग्रहासाठी."

"हं," म्हणाले. आणि मग एकदम, "पण मला कोणी सांगितलं का नाही, की ह्याला दिसत नाही म्हणून?" आता कोणी सांगायचं? जो हात लावील तोच सांगणार ना! पण तोंडावर आलेलं मी गिळलं. मलासुद्धा गिळता येतं, कधी कधी.

दुसऱ्या दिवशी समिती. काका स्वतः घेऊन गेले मला, चित्र त्यांनीच भिंतीवर लावलं. अध्यक्ष पाहतात तो निळंशार! म्हणाले, "हे काय? इथे तर पार्किंग आहे."

"तळं आहे साहेब," मी म्हटलं.

"पूर्वी होतं. लहानपणी मी पोहलोय तिथे. मागच्या चित्रात आटलेलं पाहिलं तेव्हा वाईट वाटलं होतं मला."

"साहेब, मग जाऊन पाहिलं नाहीत?"

"चित्र होतं ना समोर!"

मी उसळणार एवढ्यात काका पुढे झाले. मला वाटलं, सांगतील. सेटिंगची चूक म्हणून सांगतील. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेब, मागच्या चित्रात नव्हतं, ह्या चित्रात आहे. आपल्याच कारकिर्दीत."

अध्यक्षांनी चित्र पाहिलं. मग काकांना. मग पुन्हा चित्र. चेहरा असा उजळत गेला, जसं कोणी त्यांचीच पट्टी सरकवतंय. "म्हणजे... आपण तळं पुनरुज्जीवित केलं?"

मी म्हटलं, "नाही हो, साहेब, आम्ही फक्त इन्फ्रारेडचं..." तर टेबलाखालून काकांचा बूट माझ्या पायावर! आणि ओठ न हलवता कानात, "तळं वाचतंय ना? मग हात लावू नकोस!"

आता मी काय करणार होते, सांगा. खरं बोलून तळं बुडवायचं, की गप्प राहून वाचवायचं? मला बाबांचा तो प्रश्न आठवला, आणि मी गप्प राहिले. मी! घरी सांगितलं तर आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पार्किंगचा ठराव रद्द झाला. काठावर मांडव उभा राहिला, फीत आली, कात्री आली, मोठा फलक आला. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. दोन्ही चित्रं मीच काढून दिली. 'आधी'साठी काकांची सेटिंग, 'नंतर'साठी माझी. आणि बाबा? एवढ्या गर्दीने मासे बिथरतील म्हणून फुरंगटून पलीकडच्या काठावर जाऊन बसले होते.

फीत कापली, टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी पाण्याकडे डोळे भरून पाहिलं. मग मला बाजूला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "शाब्बास पोरी. आता पुढच्या वर्षी एखादी नदी जमेल का बघ."

मी म्हटलं, "बघते साहेब."